वणवा विझविणारे शासन, वन राखणारा समाज



वणव्याचे छायाचित्र वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येते. न पेटलेल्या जंगलाचे येत नाही. ज्वाळांवर विमानातून फवारा मारणाऱ्या वैमानिकाचा सत्कार होतो; थंडीच्या दिवसांत वाकून काटक्याकुटक्या गोळा करणाऱ्या मजुराचे नाव कोणी विचारीत नाही. हा मनुष्यस्वभाव आहे आणि शासनाचे अंदाजपत्रक हे बव्हंशी मनुष्यस्वभावाचेच प्रतिबिंब असते. संकट दारात उभे राहिले की तिजोरी उघडते. ते येऊ नये म्हणून पैसा मागितला की ‘पुढील वर्षी पाहू’ असे उत्तर मिळते.

आजचा विषय याच विसंगतीशी निगडित आहे. सार्वजनिक मालकीच्या वनभूमीवर वणव्याचा धोका कमी व्हावा आणि त्या भूमीची बिघडलेली घडी पुन्हा बसावी, यासाठी शासनाने दिलेली अनुदाने कितपत उपयोगी पडतात? उदाहरण अमेरिकेचे घेतले आहे. तेथे एकट्या वन सेवेकडे १९ कोटी ३० लाख एकर आणि भूमी व्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. दोन्ही मिळून जवळजवळ पावणेसहा महाराष्ट्र होतील! एवढ्या भूमीचा सांभाळ करताना त्या देशाने मोठी चूक केली, तिची जबर किंमत मोजली आणि ती निस्तरण्यासाठी पैसाही मोठा ओतला. विशेष म्हणजे या कथेचा पहिला धागा थेट आपल्या सातपुड्यातून निघालेला आहे.

बोरीचे जंगल आणि अमेरिकेचे धोरण

सातपुड्याच्या कुशीत, आजच्या मध्य प्रदेशात, बोरीचे जंगल आहे. १८६५ साली ते राखीव झाले आणि भारतातील पहिले राखीव वन म्हणून ओळखले गेले. त्या काळी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तेथे जाळरेषा आखून, पहारे बसवून जंगलात आग मुळीच शिरू द्यायची नाही, असा प्रयोग केला. गोंड आणि कोरकू समाजाचे शेतीसाठी, गवतासाठी, वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी आग वापरण्याचे जे पिढीजात शास्त्र होते, ते अडाणीपणात जमा झाले. सागवान वाचवायचे तर आग हद्दपार झालीच पाहिजे, असा सिद्धान्त रूढ झाला.

त्या काळी भारताच्या वनखात्याचा प्रमुख डिट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन होता. तो व्यासंगी होता. गावांची स्वतःची सामूहिक वने असावीत, असा विचारही त्याने मांडला होता. परंतु साम्राज्याला सागवान हवे होते, गावाचे वन नको होते. १८७८ च्या वन कायद्याने मालकीचा प्रश्न सरकारच्या बाजूने निकालात काढला. निवृत्तीनंतर ब्रँडिस बॉनमध्ये राहत असताना १८८९ मध्ये त्याच्याकडे गिफर्ड पिंचो हा अमेरिकन तरुण मार्गदर्शनासाठी आला. हाच पिंचो पुढे १९०५ मध्ये अमेरिकेच्या वन सेवेचा पहिला प्रमुख झाला. वनशासनाच्या ज्या कल्पना भारतात आकाराला आल्या होत्या, त्या अशा गुरुशिष्यमार्गाने अटलांटिक ओलांडून गेल्या.

नव्या वन सेवेला पाच वर्षे होतात न होतात, तोच १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत प्रचंड वणवा भडकला. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर क्षेत्र होरपळले आणि किमान ८५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत बहुसंख्य आग विझविणारे होते. या आघाताने वन सेवेची मनोधारणा घडविली. आग हा शत्रू ठरला. १९३५ मध्ये तर असा दंडक निघाला की, कोठेही आग दिसली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजण्यापूर्वी आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेले ‘स्मोकी’ अस्वल मुलाबाळांना आगीपासून सावध करू लागले. उद्देश प्रामाणिक होता, शिस्त वाखाणण्यासारखी होती, आणि तरीही दिशा चुकलेली होती.

विझविलेल्या आगीचे व्याज

पश्चिम अमेरिकेतील पाँडेरोसा पाइनची वने ही आगीच्या सोबतीने वाढलेली वने आहेत. या वृक्षाची साल जाड असते. दर पाच ते वीस वर्षांनी विजेने लागलेली किंवा मूळ रहिवाशांनी लावलेली ठेंगणी आग जमिनीलगत पसरत जाई. पालापाचोळा, झुडपे, दाटीने उगवलेली रोपे जळून जात आणि मोठे वृक्ष तसेच उभे राहत. कॅलिफोर्नियातील कारुक आणि युरोक या जमाती टोपल्यांसाठी लवचीक फोक मिळावेत, पायवाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून ठरावीक ऋतूत ठरावीक ठिकाणी आग लावीत. ती त्यांच्या दृष्टीने वनाची मशागत होती. कॅलिफोर्निया राज्याने १८५० मध्येच कायदा करून गवताळ माळ पेटविणे हा दंडनीय अपराध ठरविला. शेकडो वर्षांचे ज्ञान एका कलमाने गुन्हा झाले!

पुढे आग थांबली, पण झाडांची वाढ थांबली नाही. जेथे एकरी काही डझन वृक्ष होते, तेथे शेकडो बारकी झाडे दाटली. जमिनीवर पाचोळ्याचे थर साचले. पूर्वी पायाशी खेळून जाणारी आग आता या बारक्या झाडांची शिडी करून शेंड्यावर चढू लागली, आणि शेंडा पेटला की जाड सालीचा वृक्षही वाचत नाही. प्रत्येक विझविलेली आग म्हणजे जणू कर्जच होते. मुद्दल जंगलात साठत होते आणि व्याज चढत होते. उष्ण आणि कोरड्या होत चाललेल्या हवामानाने त्या कर्जाची वसुली सुरू केली. २०२० या एका वर्षात एकट्या कॅलिफोर्नियात ४२ लाखांहून अधिक एकर क्षेत्र जळाले.

या काळात तिजोरीचे गणितही उलटे झाले. १९९५ मध्ये वन सेवेच्या अंदाजपत्रकातील १६ टक्के रक्कम आगीवर खर्च होत असे. २०१५ मध्ये हा वाटा निम्म्याच्या वर गेला. हंगाम वाईट गेला की विरळणी, रोपवन, ओढ्यांची दुरुस्ती यांचे पैसे काढून आग विझविण्याकडे वळविले जात. म्हणजे यंदाची आग विझविण्यासाठी पुढच्या आगीचे प्रतिबंधक काम बंद पडे! २०१८ मध्ये कायदा करून अशा आपत्तींसाठी स्वतंत्र निधी उपलब्ध करण्यात आला आणि २०२० पासून ही ओढाताण कमी झाली. एवढी साधी गोष्ट उमगण्यास एका समृद्ध राष्ट्राला कित्येक दशके लागली, हे विसरून चालणार नाही.

साडेपाचशे कोटींचा संकल्प

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला. रस्ते आणि पुलांच्या त्या कायद्यात वनांसाठी दोन कलमे होती. पहिल्या कलमान्वये वणव्याचा धोका कमी करण्यासाठी सुमारे ३३७ कोटी डॉलर आणि दुसऱ्यान्वये निसर्गव्यवस्थेच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे २१३ कोटी डॉलर, अशी २०२२ ते २०२६ या पाच आर्थिक वर्षांची तरतूद झाली. जंगल ही देखील राष्ट्राची पायाभूत सुविधा आहे, ही त्यामागील दृष्टी महत्त्वाची मानली पाहिजे. विरळणी, नियंत्रित जाळणी, जाळरेषा, आग विझविणाऱ्यांचे वेतन, उपद्रवी वनस्पतींचे निर्मूलन, जुन्या खाणींच्या जमिनींची दुरुस्ती अशी कामे त्यात आहेत. विरळणीतून निघालेले लाकूड गरजू कुटुंबांना हिवाळ्यात मिळावे म्हणून सरपणाच्या पेढ्यांनाही त्यात स्थान आहे. जानेवारी २०२२ मध्ये वन सेवेने दहा वर्षांची योजना जाहीर केली : राष्ट्रीय वनांतील आणखी २ कोटी एकर आणि इतर मालकीच्या ३ कोटी एकर भूमीवर ही कामे करण्याची.

याच कायद्यान्वये वनालगतच्या वस्त्यांसाठी १०० कोटी डॉलरची स्वतंत्र अनुदान योजना आली. गावाने आपली वणवा संरक्षण योजना आखावी, त्यासाठी कमाल अडीच लाख डॉलर. ती प्रत्यक्षात आणावी, त्यासाठी कमाल एक कोटी डॉलर. योजना आखण्याच्या खर्चात गावाचा वाटा १० टक्के आणि कामाच्या खर्चात २५ टक्के. दुर्बल वस्त्यांना त्यातून सूट मिळू शकते. स्वतःचा पै-पैसा आणि घाम गुंतला की काम आपले वाटते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच असतो.

या कामांचा उपयोग होतो काय? २०२४ मध्ये पश्चिम अमेरिकेतील सूचिपर्णी वनांविषयीच्या ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विरळणी आणि त्यानंतर नियंत्रित जाळणी जेथे झाली होती, तेथे पुढे आलेल्या वणव्याची तीव्रता सुमारे ६० ते ७० टक्क्यांनी कमी आढळली. केवळ झाडे तोडून काम थांबविले, तर लाभ बराच कमी होतो; कारण तोडीतून उरलेला पाला-फांद्यांचा थर हेच पुढे इंधन ठरते. अर्धे काम सोडणे किती महाग पडते, ते जंगलच सांगते.

बियाणे कोठून आणणार?

मात्र एकच औषध सर्वत्र चालत नाही. नेवाडा, आयडाहो, ओरेगॉन या राज्यांतील सेजब्रशच्या माळांचे दुखणे नेमके उलटे आहे. तेथे आग कमी झाली नाही, फार वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-आशियातून धान्याबरोबर आलेले ‘चीटग्रास’ नावाचे गवत तेथे पसरले. ते लवकर उगवते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीच वाळून कोळ होते. सेजब्रशला पुन्हा वाढण्यास अनेक दशके लागतात. हे गवत दुसऱ्याच वर्षी परत उभे राहते. एकदा आग लागली की देशी झुडूप जाते, परके गवत येते, आणि मग पुढची आग अधिक लवकर लागते.

येथे पुनरुज्जीवन म्हणजे पेरणी. पण कोणते बियाणे पेरायचे? दूरच्या प्रदेशातील त्याच जातीचे बियाणे रुजते, पण अनेकदा त्या मातीत आणि त्या थंडीत टिकत नाही. म्हणून स्थानिक बियाणे गोळा करणे, ते वाढविणे, साठविणे यासाठी कायद्यात २० कोटी डॉलर वेगळे काढावे लागले. आग विझविणारे विमान पैसे देऊन उद्या विकत घेता येते. स्थानिक बियाणे मात्र पाच वर्षे आधी कोणीतरी सांभाळले असेल तरच मिळते.

शासनाच्याच हातून लागलेली आग

आता या कथेतील सर्वांत कठीण प्रसंग. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिको राज्यात वन सेवेने जंगल सुरक्षित करण्यासाठी नियंत्रित जाळणी सुरू केली. वारा फिरला आणि आग हाताबाहेर गेली. जवळच जानेवारीत पेटविलेले फांद्यांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले होते. तेही एप्रिलमध्ये भडकले. दोन्ही आगी एकत्र आल्या आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर क्षेत्र जळाले. ज्या कुटुंबांनी स्पॅनिश राजवटीपासून पिढ्यान् पिढ्या त्या खोऱ्यांत शेती केली, त्यांची घरे, कुरणे आणि कालवे उद्ध्वस्त झाले. तेथील ‘असेकिया’ म्हणजे गावाने मिळून खणलेले, मिळून राखलेले पाट. खानदेशातील फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नुकसानाची खोली वेगळी सांगावयास नको. आगीनंतरच्या पुरांनी राख नदीत उतरली आणि लास वेगास या लहानशा गावाकडे त्या उन्हाळ्यात महिनाभर पुरेल इतकेही पाणी उरले नाही. अमेरिकेच्या संसदेने भरपाईसाठी २०२२ मध्ये दोन टप्प्यांत ३९५ कोटी डॉलर मंजूर केले.

ज्याने रक्षण करावयाचे त्यानेच घर जाळले, अशी गावकऱ्यांची भावना झाली तर तिला नावे ठेवता येणार नाहीत. वन सेवेने देशभरातील नियंत्रित जाळणी ९० दिवस थांबवून कार्यपद्धती तपासली. त्या काळात आलेला कोरडेपणाचा अंदाज, हाताशी असलेली माणसे, स्थानिकांचा सल्ला यांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. पण मग जाळणी कायमची सोडावी काय? वन सेवेच्या नोंदींनुसार अशा हजार जाळण्यांपैकी दोनहून कमी हाताबाहेर जातात. न जाळलेले जंगल मात्र कधीतरी पेटणारच असते. धोका दोन्हीकडे आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, धोका पत्करण्याचा निर्णय कोण घेणार आणि चुकल्यास उत्तर कोणाला देणार. दूरच्या कार्यालयात बसून एकरांचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा त्याच ओढ्याचे पाणी पिणारा माणूस वाऱ्याकडे अधिक सावधपणे पाहतो.

अनुदानाला मुदत असते, वनाला नसते

या दृष्टीने काही प्रयोग आशादायक आहेत. डेन्व्हर शहराच्या पाणलोटात १९९६ आणि २००२ मध्ये मोठे वणवे लागले. गाळाने जलाशय भरले आणि शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला दुरुस्तीसाठी २ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर खर्चावे लागले. तेव्हा त्या संस्थेने हिशेब मांडला : गाळ काढण्यापेक्षा वन राखणे स्वस्त. २०१० मध्ये तिने वन सेवेशी करार केला आणि ३ कोटी ३० लाख डॉलरचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला. नळ उघडणारा नागरिक डोंगरावरच्या वृक्षाचा ऋणी आहे, हे तत्त्व येथे पाणीपट्टीत उतरले.

२००९ च्या कायद्याने सुरू झालेला सहयोगी वन पुनरुज्जीवन कार्यक्रमही याच विचाराचा आहे. त्यात संघीय निधीतून निम्म्याहून अधिक खर्च करता येत नाही. लाकूडव्यावसायिक, पर्यावरणवादी, पशुपालक, स्थानिक संस्था यांनी आधी एकत्र बसून योजना आखावी लागते. आणि काम सुरू झाल्यापासून किमान १५ वर्षे परिणामांची नोंद ठेवावी लागते. वर्षानुवर्षे न्यायालयात भांडणारे पक्ष एका टेबलाशी बसले, हा या कार्यक्रमाचा मोठाच लाभ.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. ॲरिझोनातील चार राष्ट्रीय वनांच्या २४ लाख एकरांवरील प्रकल्प मंदावला, कारण विरळणीतून निघालेल्या बारीक लाकडाला गिऱ्हाईक मिळेना आणि ते कापणारे कारखाने टिकेनात. अनुदान झाड तोडण्याचे पैसे देते. तोडलेल्या लाकडाचे काय करावयाचे, हे गावच्या अर्थव्यवस्थेनेच ठरवावे लागते. राजकीय वारा फिरला की पैसाही थांबतो. २०२५ च्या आरंभी, सत्तांतरानंतर, अनेक अनुदानांचे वितरण फेरतपासणीसाठी रोखले गेले आणि वन सेवेतील हजारो परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची पत्रे मिळाली. पुढे त्यांपैकी अनेकांना परत घ्यावे लागले. पण कामाचा हंगाम कोणाची वाट पाहत नाही.

याच वेळी कॅलिफोर्नियात एक वर्तुळ पूर्ण होत होते. राज्याने २०२४ मध्ये कायदा करून मूळ जमातींना त्यांच्या परंपरेनुसार वनात आग वापरण्याचा मार्ग मोकळा केला आणि २०२५ मध्ये कारुक जमातीशी तसा पहिला करार झाला. जे ज्ञान १८५० मध्ये अपराध ठरले होते, त्यालाच पावणेदोनशे वर्षांनी राज्याने मान्यता दिली. हे ज्ञान टिकले ते कोणत्याही अनुदानावर नव्हे. घराघरांतील आज्यांनी ते नातवंडांना दिले म्हणून.

आपल्या दारचा वणवा

यावरून भारतातही जंगले जाळावीत, असा अर्थ कोणी काढू नये. पाँडेरोसाचे वन वेगळे आणि सह्याद्रीचे वेगळे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात लागणारे बहुतेक वणवे मनुष्याच्या हातूनच लागतात : मोहफुले वेचणे सोपे जावे, तेंदूला नवी पालवी फुटावी, गवत चांगले यावे, कधी निव्वळ फेकलेल्या विडीने. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. २०१७ पासून केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना आहे. बहुतेक राज्यांत तिचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. उपग्रहावरून आगीची सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते. पण सूचना आल्यावर हिरव्या फांद्या घेऊन डोंगर चढणारी माणसे गावातूनच यावी लागतात, आणि ती आदेशाने येत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपान हे हमखास रोख पैसा देणारे उत्पन्न. तरीही ग्रामसभेने ते सोडण्याचा निर्णय घेतला. त्या पानासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. बांबूच्या शिस्तबद्ध विक्रीतून गावाने आपला चरितार्थ उभा केला. एका गावाने एका बैठकीत वणव्याचे एक कारणच नाहीसे केले! साडेपाचशे कोटी डॉलरच्या कायद्यालाही असा ठराव लिहिता येत नाही.

म्हणून अनुदान नको, असे कोणी म्हणू नये. शंभर वर्षांचे साचलेले कर्ज गावकऱ्यांनी केवळ श्रमदानाने फेडावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. मालकी शासनाची असेल तर पहिला खर्चही शासनाचाच असला पाहिजे. मात्र प्रत्येक अनुदानाला तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा आग लागण्यापूर्वी पोहोचतो की नंतर? त्याचा विनियोग ठरविताना त्या पाण्यावर जगणारी माणसे बैठकीत असतात काय? आणि मुदत संपल्यानंतर सहाव्या वर्षी पाचोळा कोण उचलणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शासनाने द्यावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर समाजालाच द्यावे लागते आणि ते फाल्गुन सरण्याआधी द्यावे लागते, कारण त्यानंतर डोंगर वाळलेला असतो आणि वारा सुटलेला असतो.